फाटकावरचा फलक

(दृश्य : पहाटेचा ग्रेट फॉल्स. धबधबा समोरून. पहिले वीस सेकंद निवेदन नाही, फक्त पाणी.)

हा ग्रेट फॉल्स. पोटोमॅक नदी इथं खडकांवरून उड्या घेत उतरते आणि पुढे वॉशिंग्टनला जाते. उत्तर व्हर्जिनियातल्या मराठी घरात भारतातून आईबाबा आले, की पहिल्याच शनिवार-रविवारी त्यांना इथं आणायचं हे ठरलेलं असतं. कठड्याला टेकून फोटो, मग डब्यातल्या दशम्या आणि चटणी, मग नदीकाठानं गुडघे साथ देतील तेवढं चालणं.

(दृश्य : नदीकाठची पायवाट, एप्रिल. दोन्ही बाजूंना ब्लूबेलची निळी फुलं. कॅमेरा चालणाऱ्याच्या पाठीमागून.)

आपणही चालू. नदी उजव्या हाताला ठेवून, प्रवाहाच्या उलट. झाडं तीच, चिखल तोच, फुलं तीच. तरी या वाटेवर एका जागी आपण हद्द ओलांडतो. मागे राहिलं ते ग्रेट फॉल्स पार्क, केंद्र सरकारच्या नॅशनल पार्क सर्व्हिसचं. पुढे लागतं ते रिव्हरबेंड पार्क, फेअरफॅक्स कौंटीचं, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारचं. मागच्या पार्कात चालणाऱ्याच्या जाकिटाखाली भरलेलं पिस्तूल असलं आणि खिशात परवाना असला, तर कायद्याची हरकत नाही. तोच माणूस, तेच पिस्तूल, दहा पावलं पुढे आलं की गुन्हा.

(दृश्य : रिव्हरबेंडचं फाटक. कॅमेरा फलकावर स्थिर. मागून एक बाई बाबागाडी ढकलत आत जाते.)

या पार्कात बंदूक आणायला मनाई आहे, एवढंच हा फलक सांगतो. अमेरिकेतल्या अनेक पार्कांच्या दाराशी असे फलक दिसतात, लोक न वाचता पुढे जातात. पण व्हर्जिनियात हा फलक लावायचा अधिकारच कौंटीकडे नव्हता. १९८७ मध्ये राज्यानं तो काढून घेतला होता. परत मिळायला तेहतीस वर्षं लागली.

(दृश्य : २० जानेवारी २०२०. रिचमंड. सकाळ. फोनवरचं चित्रण, थोडं हलतं.)

हे रिचमंड, व्हर्जिनियाची राजधानी. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी. पारा गोठणबिंदूच्या खाली. टेकडीवर पांढऱ्या खांबांची ती इमारत म्हणजे विधिमंडळ. थॉमस जेफरसननं तिचा आराखडा केला, फ्रान्समधल्या नीम गावचं जुनं रोमन मंदिर डोळ्यांसमोर ठेवून.

(दृश्य : रस्त्यावरची गर्दी. रायफली, हेल्मेटं, लष्करी रंगाचे कपडे. पिवळ्या झेंड्यावर वेटोळं घातलेला साप. कोटांवर नारिंगी चिकटपट्ट्या.)

त्या दिवशी साधारण बावीस हजार माणसं इथं जमली असा अंदाज सांगितला गेला. बंदूक बाळगण्याच्या हक्काची बाजू मांडणारी व्हर्जिनिया सिटिझन्स डिफेन्स लीग ही संस्था दरवर्षी याच सुट्टीला आपल्या लोकांना आमदारांच्या भेटीला आणते. एरवी शे-दोनशे, फार तर हजारभर लोक येत. त्या वर्षी बंदुकीवरचे नवे कायदे येऊ घातले होते, म्हणून बसगाड्या भरभरून आल्या, शेजारच्या राज्यांतूनही.

कॅमेरा या कुंपणाकडे न्या. कुंपणाच्या आत विधिमंडळाचं आवार आहे. आत जायला एकच वाट, धातुशोधक यंत्रांमधून. गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांनी पाच दिवस आधी आणीबाणी जाहीर केली होती, शुक्रवार संध्याकाळ ते मंगळवार संध्याकाळ, आवारात कुठलंही शस्त्र नाही. नॉर्थम हे पेशानं लहान मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ, सैन्यात डॉक्टर म्हणून राहिलेले. त्यांच्या आदेशाला आव्हान दिलं गेलं आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते शुक्रवारीच फेटाळलं. त्याच आठवड्यात एफबीआयनं एका वंशद्वेष्ट्या टोळीतल्या तिघांना पकडलं होतं, त्यामुळे शहराची झोप उडालेली होती.

(दृश्य : कुंपणाच्या दोन बाजू एकाच चौकटीत. आत रिकाम्या हातांची रांग, बाहेर खांद्यावर रायफली.)

आत सहा हजार, बाहेर सोळा हजार. बरेचजण कुंपणाबाहेर थांबले ते शस्त्र खाली ठेवायचं नव्हतं म्हणून. रस्ता शहराचा होता आणि रस्त्यावर शहराला त्यांना काही म्हणता येत नव्हतं. दिवसभरात एकही गोळी सुटली नाही. अटक झाली ती एक, तोंड झाकल्याबद्दल. जाताना लोकांनी आपला कचराही उचलला. हे सगळं खरं आहे आणि त्या दिवशी आलेल्यांना ते अभिमानानं सांगायचा हक्क आहे. पण दरवर्षी याच दिवशी, याच टेकडीवर, बंदुकीनं दगावलेल्यांच्या घरचे लोक मेणबत्त्या घेऊन उभे राहतात. त्या वर्षी त्यांनी आपली सभा रद्द केली. तिचं चित्रण नाही, कारण ती झालीच नाही.

(दृश्य : गर्दीतल्या एका माणसाचा कोट. चेन वर ओढली जाते. कमरेचं पिस्तूल दिसेनासं होतं.)

हा क्षण पुन्हा पाहा. व्हर्जिनियात अठरा वर्षांवरच्या माणसाला कमरेला उघड दिसेल असं पिस्तूल लावायला परवाना लागत नाही. याला इथं ओपन कॅरी म्हणतात. त्यावर कोट आला, पिस्तूल नजरेआड झालं, की कायद्याच्या भाषेत ते लपवलेलं शस्त्र, कन्सील्ड. त्याला परवाना लागतो. म्हणजे थंडीत चेन लावायची की नाही यावर गुन्हा ठरू शकतो.

भारतातून हे पाहणाऱ्यांना उलटं वाटेल. आपल्याकडे मुळात बंदूक घ्यायलाच परवाना. आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते म्यानात आणि पूर्ण झाकलेलंच हवं. इथं झाकायचा परवाना, तिथं झाकायची सक्ती.

(दृश्य : फेअरफॅक्सचं न्यायालय. पायऱ्या. अर्जाचा कागद, माहितीचे रकाने रिकामे.)

परवाना देतं सर्किट कोर्ट. वय एकवीस पूर्ण हवं. पिस्तूल हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला हवा. आधी तो घरबसल्या संगणकावरूनही मिळत असे, २०२१ पासून प्रत्यक्ष शिकावं लागतं. अर्ज कारकुनाकडे, मग पोलिसांकडून जुन्या गुन्ह्यांची तपासणी. सगळी फी मिळून पन्नास डॉलरच्या वर नाही. न्यायालयानं पंचेचाळीस दिवसांत निर्णय द्यायचा. परवाना पाच वर्षांचा. एवढ्या कागदांतून गेलेला माणूस मवाली नसतो, हे त्या बाजूचे लोक सांगतात आणि ते बरोबर आहे. आमच्या ओळखीतही असे परवानाधारक आहेत, शांत आणि नियम पाळणारे.

पण एक प्रश्न उरतो. आपलं पार्क, आपलं ग्रंथालय, आपल्या गावची कचेरी, इथं काय चालावं हे कुणी ठरवायचं?

(दृश्य : फेअरफॅक्स कौंटीची मोठी कचेरी, समोरचं गवत. मग जुन्या कायद्याच्या पुस्तकाची पानं.)

इथं थोडं मागे जावं लागेल. आयोवा राज्यात जॉन डिलन नावाचे एक न्यायाधीश होते. १८६८ मध्ये त्यांनी एक सूत्र घालून दिलं : शहराला आणि गावाला स्वतःचे असे अधिकार नसतात, राज्यानं शब्दांत लिहून दिले तेवढेच. व्हर्जिनियाच्या न्यायालयानं १८९६ मध्ये ते सूत्र स्वीकारलं आणि आजही हे राज्य त्यावर चालतं. साध्या साध्या गोष्टींसाठी कौंटीला रिचमंडला जाऊन हात जोडावे लागतात.

महाराष्ट्रात गावातल्या बायकांनी उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलेलं आपण पाहिलंय. तो अधिकारही राज्यानं नियम केला म्हणूनच त्यांच्या हाती आला. नियम नसता तर सगळं गाव एका सुरात बोललं असतं तरी दुकान हललं नसतं. व्हर्जिनियात बंदुकीचं नेमकं तसं झालं होतं. १९८७ च्या कायद्यानं सांगितलं, बंदुकीबद्दल गावांनी नियम करायचे नाहीत. २००४ मध्ये दोर आणखी आवळला आणि जुने गावनियमही पुसले गेले.

(दृश्य : रविवारची मराठी शाळा. शाळेच्या वर्गात मुलं बाराखडी म्हणताहेत. मग त्याच रस्त्यावरचं ग्रंथालय.)

याचा अर्थ रोजच्या जगण्यात काय होता, ते या दोन इमारतींत दिसतं. ही शाळा. इथं बंदूक आणायला राज्याच्या कायद्यानं आधीपासून बंदी आहे. आणि हे ग्रंथालय, जिथं वर्ग सुटल्यावर हीच मुलं गोष्टीच्या तासाला जातात. इथं २०२० पर्यंत कौंटी कुणालाच अडवू शकत नव्हती. कर्मचाऱ्यांना आपण मनाई करू शकत होतो, ते आपले नोकर म्हणून. दारातून येणाऱ्या पाहुण्याला नाही.

(दृश्य : शार्लट्सव्हिल. मार्केट स्ट्रीट पार्क. रिकामं गवत, जिथं जनरल ली यांचा पुतळा होता ती जागा.)

शार्लट्सव्हिलचं हे छोटं पार्क. १२ ऑगस्ट २०१७ ला गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मेळावा इथं भरला आणि रायफली घेतलेले खासगी पथकांचे लोक याच कडेला उभे राहिले. शहराला दंगल दिसत होती, पण पार्कात बंदूक नको एवढं म्हणायचा अधिकार नव्हता. त्या दिवशी एका तरुणीचा जीव गेला, तो गर्दीत घातलेल्या गाडीनं.

(दृश्य : व्हर्जिनिया बीच. महापालिकेच्या विटांच्या इमारतींचं आवार, दुरून. झाडं हलताहेत. इथं दहा सेकंद शांतता.)

३१ मे २०१९. शुक्रवार, दुपारी चारनंतर. महापालिकेची इमारत क्रमांक दोन. पाणीपुरवठा आणि सांडपाण्याच्या खात्यात काम करणाऱ्या एका अभियंत्यानं गोळ्या झाडल्या. बाराजण गेले. अकरा त्याच्याच महापालिकेतले, एक परवानगीच्या कामासाठी आलेला कंत्राटदार.

(दृश्य : तेच. निवेदन नाही.)

सहा आठवड्यांनी, ९ जुलैला, गव्हर्नर नॉर्थम यांनी बंदूक कायद्यांसाठी विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. त्याच्या आदल्या दिवशी एक नवल घडलं. सिनेटमधले रिपब्लिकन नेते टॉमी नॉर्मेंट यांनी स्वतःच एक विधेयक मांडलं, राज्यभरातल्या स्थानिक सरकारी इमारतींत बंदुका नकोत असं सांगणारं. त्यांच्याच पक्षात वादळ उठलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ते मागे घेतलं. अधिवेशन दीड तासात गुंडाळलं गेलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर बघू, असं ठरलं.

हा दीड तास आम्ही मुद्दाम लक्षात ठेवला आहे. ज्या टेबलावर बारा घरांची कागदपत्रं होती, तिथं दोन तासही बसावंसं वाटलं नाही.

(दृश्य : मतदान केंद्राबाहेरची रांग. पावसाळी नोव्हेंबर.)

५ नोव्हेंबरला लोकांनी मत दिलं. दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. गव्हर्नर आणि दोन्ही सभागृहं एकाच वेळी त्या पक्षाकडे असण्याची ही १९९३ नंतरची पहिलीच वेळ. उलट बाजूनं, शंभरहून अधिक कौंट्या, शहरं आणि गावांनी ठराव केले, की बंदूक हक्काच्या विरोधातले कायदे आम्ही राबवणार नाही. कौंटीच्या सभागृहांबाहेर थंडीत लोक तासन् तास उभे होते. त्यातून जानेवारीची ती रिचमंडची गर्दी आली. आणि त्या गर्दीच्या दहा दिवस आधी विधिमंडळाच्या समितीनं आपल्या इमारतीत बंदूकबंदी करून टाकली होती. तोवर परवाना दाखवला की पाहुण्याला पिस्तुलासह आत सोडत.

(दृश्य : विधेयकाचा कागद, जवळून. मग सिया प्राइस आणि स्कॉट सुरोव्हेल यांची सभागृहातली दृश्यं.)

आता या कागदाकडे या. कनिष्ठ सभागृहात सिया प्राइस यांचं एचबी ४२१, सिनेटमध्ये स्कॉट सुरोव्हेल यांचं एसबी ३५. हा कायदा कुठंही बंदी घालत नाही, हे आवर्जून सांगायला हवं, कारण विरोधाच्या गदारोळात तेच हरवलं. तो फक्त म्हणतो, कौंटी, शहर किंवा गावाला वाटलं तर त्यांनी आपल्या मंडळात चर्चा करून, मत घेऊन नियम करावा. तोही चारच ठिकाणांसाठी : स्थानिक सरकारच्या इमारती, स्थानिक सरकारची पार्कं, मनोरंजन केंद्रं आणि परवानगी घेतलेला कार्यक्रम चालू असलेला रस्ता व त्याच्या लगतची जागा. गणपतीच्या मिरवणुकीला आपण रस्ता मागतो ना, तो रस्ताही यात आला.

ज्या गावाला नको, त्यानं काही करायचं नाही. दक्षिण-पश्चिमेच्या डोंगराळ कौंट्यांनी काही केलेलं नाही. तो त्यांचा निर्णय आहे आणि आम्हाला तो मान्य आहे.

(दृश्य : अलेक्झांड्रियाचा जुना बाजारचौक. मग फेअरफॅक्सच्या मंडळाची बैठक, सदस्य पडद्यावर, अंतर राखून.)

कायदा १ जुलै २०२० पासून लागू व्हायचा होता. अलेक्झांड्रियानं वाट पाहिली नाही. २० जूनलाच ठराव करून ठेवला, राज्यातलं पहिलं शहर. फेअरफॅक्सनं सप्टेंबरमध्ये केला. अकरा लाखांवर लोकवस्तीची ही कौंटी, चारशेहून अधिक पार्कं, तेवीस हजार एकरांवर जमीन. करोनाचे दिवस. लोक आपापल्या स्वयंपाकघरातून फोनवर बोलत होते, दोन्ही बाजूंचे, प्रत्येकाला मोजकी मिनिटं.

(दृश्य : कामगार खांबाला फलक बसवतो. स्क्रू, पाना, हातमोजे. पूर्ण क्रिया दाखवा, कापू नका.)

आणि मग हे काम. कायद्याची अट आहे, ज्या जागी बंदी आहे तिथल्या प्रवेशद्वारांशी फलक हवा. इमारतीची दारं मोजता येतात. पार्कला मात्र दार एकच नसतं. गाडीतळ असतो, शेजारच्या वस्तीतून येणारी पायवाट असते, ओढ्यावरचा लाकडी साकव असतो, कुणाच्या परसामागून वर्षानुवर्षं पडलेली वाट असते. ती सगळी तोंडं शोधायची, जिथं लोक खरोखर आत येतात तिथं खांब रोवायचा. खड्डा खणायचा, खांब ओळंब्यात आहे का बघायचं, फलक डोळ्यांच्या उंचीवर लावायचा. विधिमंडळात, न्यायालयात, रस्त्यावर एवढं सगळं झालं, ते शेवटी या पान्याच्या दोन वेढ्यांपाशी येऊन पोचलं. आम्हाला हे दृश्य फार महत्त्वाचं वाटतं.

नियम मोडला तर बारा महिन्यांपर्यंत कैद आणि अडीच हजार डॉलरपर्यंत दंड. पोलीस आणि काही विद्यापीठीय कार्यक्रमांना सूट आहे.

(दृश्य : संध्याकाळ. एकटी धावणारी बाई, दुरून. पायवाट वळणाआड जाते.)

विरोध करणाऱ्यांचा सवाल सरळ आहे. वाईट हेतूनं येणारा फलक वाचून परत फिरतो का? मग जी बाई कायद्यानं परवाना काढते, संध्याकाळी एकटी धावते, तिचंच पिस्तूल का काढून घेता? व्हर्जिनिया बीचमध्ये गेलेल्या एका महिलेबद्दल तिच्या कुटुंबाच्या वकिलानं सांगितलं, की आदल्या रात्री पिस्तूल सोबत न्यावं का यावर घरात बोलणं झालं होतं आणि नियम आड येतो म्हणून ते राहिलं. हे ऐकून कुणीही गप्प होतं. आम्हीही झालो. पार्कात यंत्रं नाहीत, पहारा नाही, फलक कुणाच्या खिशात हात घालत नाही, हेही खरं. पण भांडण पार्किंगच्या जागेवरून होतं, मैदानाच्या वेळेवरून होतं, पंचानं दिलेल्या निर्णयावरून होतं. त्या क्षणी कमरेला काही नसणं याची किंमत आम्हाला मोठी वाटते.

(दृश्य : अलेक्झांड्रियातलं संघीय न्यायालय. मग न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची जुनी चित्रं.)

प्रकरण न्यायालयात गेलं, जाणारच होतं. २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं बंदुकीचा वैयक्तिक हक्क मान्य केला, त्याच निकालात शाळा आणि सरकारी इमारतींसारख्या नाजूक जागांवरची बंदी चालेल असंही लिहिलं. २०११ मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयानं फेअरफॅक्समधल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इमारतींतली बंदी याच आधारे राखली. पार्कांचं काय, हे मोकळं होतं. २०२२ च्या न्यूयॉर्कच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नवी कसोटी घातली : देशाच्या इतिहासात असा नियम होता का ते दाखवा.

मग वकील जुन्या दप्तरांत शिरले. आणि सापडलं काय? १८५८ चे सेंट्रल पार्कचे नियम, पार्क अजून पुरतं बांधूनही झालं नव्हतं, तेव्हाचे. त्यात बंदूक आणू नये असं लिहिलेलं. १८६८ चा फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट पार्कचा कायदा, त्यातही तेच. शहरातलं पार्क ही कल्पना या देशात जितकी जुनी, जवळजवळ तितकीच ही मनाईही जुनी. २०२४ मध्ये संघीय न्यायालयानं फेअरफॅक्सचा नियम उचलून धरला, २०२५ मध्ये रिचमंडमधल्या संघीय अपील न्यायालयानंही.

(दृश्य : पुन्हा ग्रेट फॉल्स. माहिती केंद्राचं दार.)

आपण जिथून निघालो, त्या ग्रेट फॉल्सचं काय? तिथं नियम केंद्राचा. पूर्वी राष्ट्रीय उद्यानात शस्त्र रिकामं करून, बांधून ठेवावं लागे. २००९ मध्ये ओक्लाहोमाचे सिनेटर टॉम कोबर्न यांनी क्रेडिट कार्डांवरच्या एका विधेयकाला दुरुस्ती जोडली आणि २२ फेब्रुवारी २०१० पासून राष्ट्रीय उद्यानात त्या त्या राज्याचा बंदूक कायदा लागू झाला. क्रेडिट कार्डांच्या विधेयकाला. या माहिती केंद्राच्या दारातून आत मात्र बंदूक नेता येत नाही, कारण ती केंद्र सरकारची इमारत. दाराबाहेरच्या बाकावर चालते.

(दृश्य : बर्क लेक पार्क. जूनमधली मराठी मंडळींची सहल. भेळेचं पातेलं, रस्सीखेच, लगोरी. छोटी आगगाडी शिटी वाजवत जाते.)

हे बर्क लेक, कौंटीचं पार्क. इथली शेड आम्ही दर जूनमध्ये आरक्षित करतो. यंदा अर्ज भरताना नियमांचा कागद आला. कुत्रा दोरीला बांधा, मद्य परवानगीशिवाय नको, अंधार पडायच्या आत निघा. त्यात बंदुकीचं कलमही होतं. अर्ज भरणाऱ्या काकूंनी ते मोठ्यानं वाचलं, मान डोलावली आणि पुढच्या रकान्यात माणसांची संख्या लिहिली.

(दृश्य : लगोरी कोसळते, मुलं ओरडत पळतात. कॅमेरा त्यांच्या मागे धावतो. फाटकाजवळ पोचल्यावर फलक चौकटीच्या कडेला, धूसर. चित्र तिथंच थांबतं. मुलांचा आवाज चालू राहतो.)